फिंटनचा उजवा डोळा

डावीकडून डॉक्टर, डावीकडूनच या — तसं काही नाही हो, घोड्याशी ओळख डावीकडूनच करायची असते, आमच्या विकलो परगण्यात तरी तशीच रीत आहे. हा फिंटन. ओळखलंत ना? नाही? अहो, टीव्ही बघत नाही की काय तुम्ही? राजांच्या त्या मालिकेत सहा वेळा मेलाय हा. दर वेळी वेगळा रंग फासायचा की झाला नवा घोडा. एकदा तर राणीची घोडी झाला होता — कॅमेरा जरा वर ठेवला, बस्स.

पण मेल्याचं सोंग नाही करत तो. त्याला वाटतं, ही ग्रॉन्या, म्हणजे मी, आडवं व्हायला सांगते, मग गाजर देते, एवढंच. मेंदू केवढा असतो याचा? तुम्हाला काय सांगायचं म्हणा — सहाशे-सातशे ग्रॅम, आणि त्यातला केवढा तरी चार पाय सांभाळण्यात खर्ची! बेत आखायचा, थापा मारायच्या तो पुढचा भाग एवढासा. थाप मारणं जमतच नाही त्याला. ते काम माझ्याकडे — म्हणजे, गमतीनं म्हटलं मी.

अहो, तिकडे कुठे? इकडेच थांबा. चेहरे मात्र विसरत नाही हं. एक दिग्दर्शक त्याच्यावर खेकसला होता, दोन वर्षांनी पुन्हा आला तर यानं सरळ पाठ फिरवली त्याच्याकडे. आणि ते लोक म्हणतात ना, डाव्या डोळ्यानं पाहिलेलं उजव्याला कळत नाही — साफ खोटं. आत मेंदूत पूल असतो ना दोन्ही बाजू जोडणारा! जाताना पाहिलेल्या पिंपाला येताना पुन्हा बुजतो, कारण तिकडून ते पिंप वेगळं दिसतं. आता एकाच डोळ्यानं बघायचं म्हटलं तर — कुणाचं? कुठल्या तरी घोड्याचं, उदाहरणार्थ.

मंगळवारचं कुणी सांगितलं तुम्हाला? मालाखीनं? राजाचं काम करतो तो नट, सत्तर वर्षांचा आहे, पण घोड्यापेक्षा खुर्ची बरी वाटते त्याला. हो, गेला फिंटन उजवीकडच्या चरात. मालाखीचा टोप उडाला, बाकी काही नाही. सगळे ओरडले, "काय झालं गं ग्रॉन्या?" मी म्हटलं, प्लॅस्टिकची पिशवी उडाली. वारा? नव्हता. पान हलत नव्हतं, डॉक्टर.

हात कशाला हलवताय तिकडून? तो — तो डुलकी घेतोय. उभ्यानं झोपतात घोडे. कान? हो, कान हलताहेत. झोपेतही —

नाताळापासून. बास? डोळा आधी निळसर झाला, मग पांढुरका. मी रोज बघत होते आणि रोज म्हणत होते, उजेडामुळे दिसतं तसं. मी शीळ घालायची, तो शिळेवर चालायचा, एकाही माणसाला पत्ता लागला नाही. एकोणीस वर्षं आहे हो तो माझ्याजवळ. सेटवरून काढला की मग आम्ही दोघांनी सकाळी उठून करायचं काय?

गुरुवारी शूटिंगला काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला? तीस माणसं मशाली घेऊन धावत येणार. उजवीकडून. आणि पाठीवर मालाखी. तो मेला विचारतो मला, "ग्रॉन्या, तू आहेस ना? मग मी कशाला घाबरू?"

लिहा. उजवा डोळा, पूर्ण गेलेला. मी सांगितलं म्हणून लिहा, तुम्ही पकडलं म्हणून नव्हे. नुसतं आडवं पडायचं काम असेल तर जमेल त्याला, तेही लिहा — मरायला डोळे लागत नाहीत. दाखवा बघू. हे काय? 'निकामी'? खोडा ते. 'निवृत्त' लिहा. वाचता येत नाही त्याला, पण मला येतं ना.

हां. आता जा. चहाबिहा विचारणार नाही मी आज. आणि जाताना त्याच्या डाव्या अंगानं जा, उगाच दचकायचा — नाही, माझ्याकडे नका बघू. जा म्हटलं ना.