बाबांची उजवीकडची खिडकी

विमानात सीट कुठली घ्यायची, ते आमच्या बाबांना विचारा यार! गोव्याहून परत यायचं, जेमतेम तासाभराचा प्रवास, तरी बाबा अडून बसले. "उजवीकडची खिडकीच हवी, पंखाच्या मागची. विमानं आपल्या घाटकोपरच्या बिल्डिंगला खेटूनच उतरतात. आपली गच्ची दाखवतो."

आई म्हणाली, "काहीतरीच तुमचं! वरून सगळ्या गच्च्या सारख्याच."

विमान उतरायला लागलं आणि बाबा ओरडले, "ती बघ! शेजारचे सावंत चादर हलवतायत!" पुढच्या रांगेतले लोकसुद्धा वळून बघायला लागले.

आईने खिडकीला नाक लावलं. "अहो, ही तर माझी नवी कोरी चादर! सावंतांना कधी दिलीत?"

बाबा ऐटीत मागे टेकले. "चादरसुद्धा ओळखलीस ना? मग सगळ्या गच्च्या सारख्या कशा?"