खोली समुद्राकडचीच हवी

"हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अहो, तुम्ही? … तुम्ही तर आत्ता गच्चीवर गेलात ना, वारा खायला? … मग फोन कशाला? मध्ये एक जिना आहे, खाली या की! … बरं बाई, नका येऊ. बोला."

तिने मान वर करून छताकडे पाहिलं, जसा काही छतातून नवरा दिसणार होता. लग्न झाल्यापासून नवरा जहाजावर. तिथे इंजिनांचा मुख्य म्हणून त्याला सगळे चीफ म्हणायचे, म्हणून घरीही तो चीफच झाला. वर्षातले जेमतेम तीन-चार महिने घरी, बाकीचा संसार फोनवर. आणि फोनवर दोघं असे काही बोलायचे की लेक लाजून आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. गेल्या महिन्यात चीफ कायमचा घरी आला, आणि समोरासमोर बसले की दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी! "चहा?" "चालेल." संपलं बोलणं. म्हणून तर तिने ही सहल काढली होती. भूमध्य समुद्राच्या काठी, फक्त दोघांनी. तिथे गेलो की बोलू, एवढंच तिचं गणित होतं.

"मी फोटोच बघतेय त्या हॉटेलचे. ट्रॅव्हलवाल्या बाई संध्याकाळपर्यंतच खोली धरून ठेवणार आहेत, तेव्हा … अहो, आधी माझं ऐका ना! खडकावर हॉटेल आहे, पांढरं शुभ्र. खोलीची एक अख्खी भिंत काचेची. पलंगावर पडल्या पडल्या समुद्र … हो, पलंग एकच. मग काय दोन हवेत? … चावट! … आणि आंघोळीचा टब कुठे माहितीय? बाल्कनीत! … कोण बघणार आहे? समोर नुसतं पाणी. तुमचे खलाशी काय दुर्बीण लावून बसतात? … बसतात? शी!"

हसत हसत ती बाहेरच्या खोलीत गेली, सोफ्यावरची उशी सरळ केली, परत स्वयंपाकघरात आली, बंद गॅस पुन्हा बंद केला. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. सकाळी जहाजाच्या कंपनीचा फोन आला होता. चीफ तिच्याकडे पाठ करून बोलला आणि शेवटी म्हणाला, "विचार करून सांगतो." कसला विचार, ते तिने विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच नव्हती.

"संध्याकाळी बोट. आपल्या दोघांचीच … हो, चालवणारा असतो की. पण तुम्ही त्याच्या इंजिनात डोकं घालायचं नाही, आधीच सांगून ठेवते. मग मेणबत्तीच्या उजेडात जेवण … वाऱ्याने विझायला त्या काय उघड्यावर असतात? काचेत असतात हो! … आणि दोघांना शेजारी शेजारी झोपवून मालीश … अहो, लाजताय काय? सगळेच करून घेतात … काय? … काय म्हणालात? आवाज तुटतोय."

आवाज मुळीच तुटत नव्हता.

"सांगा मग नंतर, काय सांगायचंय ते. आधी मला सांगा, नाश्ता खोलीत मागवायचा की … बरं. बोला … हं … हं … सकाळचा फोन. माहितीय मला … किती? … सहा महिने पुन्हा जहाजावर. शेवटचंच. मागच्या वेळीही शेवटचंच होतं … मग जा ना! अडवलंय कुणी? बॅग वर माळ्यावर आहे, उतरवून घ्या … नाही, रडत नाहीये. चिडलेय. सगळ्यांना सांगून बसले मी, आमचे हे आता कायमचे आले म्हणून! … खरं सांगा, मी नकोशी झालेय का? … मग काय? … झोप? कसली झोप? … महिनाभर? अहो, मग रोज माझ्या शेजारी डोळे मिटून काय करता? … ऐकता? काय ऐकता? … आवाज नसतो ते?"

ती चालायची थांबली.

"पुन्हा सांगा. सावकाश … हं … तुमची केबिन इंजिनाच्या डोक्यावर … घरघर थांबली की काहीतरी बिघडलं, उठा, पळा … हो, समजलं … म्हणजे आपल्या घरात रोज रात्री इंजिन बंद पडतं! … म्हणून गच्चीवर? लिफ्टच्या मोटारीशेजारी? … सतरंजी टाकून? … आणि लागते डुलकी? … अहो, मी काय समजत होते! मला वाटायचं, माझ्यासमोर बसणं नको म्हणून पळता वर … सांगायचं नाही का? … हो, समोर बसलं की सुचत नाही. मला तरी कुठे सुचतं?"

आता मात्र ती खुर्चीत बसली. टेबलावर हॉटेलचं पान उघडंच होतं.

"थांबा, इथे काय छापलंय ऐका. 'संपूर्ण शांतता. लाटांखेरीज कसलाही आवाज नाही.' … कपाळ माझं! इतकं शोधून शोधून तुमच्यासाठी सगळ्यात वाईट खोली काढली मी … हसू नका … बरं, तो समुद्र कसा आहे हो? तुम्ही तर कितीदा गेलात तिथून … नाही पाहिला? एकदाही? … मग काय ठाऊक आहे त्याचं? … पाणी किती गरम ते? … इंजिन थंड करायला आत घ्यायचात म्हणून. होय का! … आणि मी लेकीला नकाशावर बोट ठेवून सांगायचे, बाबा आता या निळ्या समुद्रावर मजा करतायत. आणि बाबा बसलेत तळाशी, घामाघूम … धरा हं. ठेवू नका. ऐकत राहा."

तिने घरातला दुसरा फोन उचलला.

"हॅलो, बाई? मीच. ती खोली बदलायचीय … नको, शांत नको. मशीनच्या शेजारची द्या. लिफ्ट, लॉन्ड्री, काहीही चालेल … तक्रार नाही हो, उलट! लोक जिच्याबद्दल तक्रार करतात ना, ती खोली … आहे? तुमचं गिऱ्हाईक भांडून बाहेर पडलं, ती? … बॉयलरच्या वर? रात्रभर घरघर? अय्या! … समुद्र दिसतो का पण? समुद्राकडचीच हवी … खिडकीतून वाकलं तर? वाकू की … हो, दोघांसाठीच … हो, रोमँटिकच! नक्की करते, पाच मिनिटांत कळवते."

आणि पुन्हा पहिला फोन कानाला.

"ऐकलंत? … टब नाही तिथे बाल्कनीत, सुटलात … आता बोला. कंपनीला काय सांगणार? … थांबा! नका सांगू. फोनवर नाही. आयुष्यभर सगळं फोनवरच सांगितलंत. खाली या, माझ्याकडे बघून सांगा … जाणार असलात तरी समोर येऊन सांगा … सुचेल हो. नाही सुचलं तर उभे राहा नुसते … हॅलो? … हॅलो? … अहो, धाप कसली लागलीय?"

जिन्यात चपला वाजल्या. दार उघडंच होतं. चीफ दारात आला, केस विस्कटलेले, गालावर सतरंजीचे वळ, फोन कानाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ती नेहमीची शांतता घरात शिरू लागली.

इतक्या वर्षांत फोन तिने आपणहून कधी ठेवलाच नव्हता. दर वेळी जहाजाकडची लाईन जायची, आणि ती नुसतीच हॅलो, हॅलो करत राहायची.

"ठेवते," ती म्हणाली, आणि तिने फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला.

चीफ तिच्याकडेच बघत होता. हात मात्र अजून कानाशीच होता.

"नाही जात मी," तो बंद फोनमध्ये म्हणाला.