ब्रह्मराक्षस आणि पात्यापुढची जाळी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या छापखान्याचे व्यवस्थापक आणि बांधणी खात्यातल्या माझ्या मंडळींनो,

आभाराचं भाषण मी लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवते, कारण आत्ताच व्यवस्थापकांनी माझं कौतुक करता करता विनोद केला, "आमच्या बाईंना कटिंग मशीनवर ब्रह्मराक्षस दिसायचा!" आणि सभागृह हसलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! गेलं वर्षभर ही म्हण ऐकतेय. आज निवृत्त होताना तरी उत्तर देऊ द्या.

व्यवस्थापकसाहेब, काम लवकर उरकावं म्हणून त्या मशीनच्या पात्यापुढची जाळी तुम्ही काढून ठेवलीत. मी म्हटलं, "जाळी बसवा, नाहीतर कुणाचा तरी हात जाईल." तुम्ही म्हण ऐकवलीत. मशीनवर आमच्या खात्यातले कटिंगवाले दादा होते. मंडळी ओरडली, "हिंमते मर्दा, तो मददे खुदा!" दादाही म्हणाले, "बाई, तुम्ही शिलाई बघा, पातं मी बघतो." आणि मी? मीही हसले. ते हसणं अजून टोचतं.

आठव्या दिवशी दादांची दोन बोटं गेली. तेव्हा कुठे होती हो ती खुदाची मदत? हिंमतीच्या गोष्टी करणाऱ्यांपैकी एकाचाही हात पात्याखाली नव्हता. राक्षस नसताना जो भितो, त्याच्यासाठी ती म्हण आहे. समोर लखलखणाऱ्या पात्याला भिणं, याला आमच्या घरी अक्कल म्हणतात.

परवा दादांकडे गेले होते. वहिनी म्हणाल्या, "मनी वसे ते स्वप्नी दिसे, बाई. हे झोपेत अजून कागदाची थप्पी सारखी करतात. सकाळी सांगतात, दहाही बोटं होती." आता कुणाला हसू येतंय?

जाळी अजून गोदामातच आहे, अध्यक्षमहोदय. आणि इतके दिवस बंद असलेलं ते मशीन सोमवारी सुरू व्हायचंय. त्यावर कोण उभं राहणार? दादांची धाकटी बहीण. ती पाहा, तिसऱ्या रांगेत बसलीय.

सत्काराबद्दल आभारी आहे. आवाज चढला असेल, तो वडीलधाऱ्यांनी पोटात घालावा. शब्द मात्र मागे घेत नाही.

खात्याच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या; खातं सोडताना काय सुपूर्द केलं, त्याची नोंद वाचते. शिलाईच्या कपाटाच्या किल्ल्या दोन, व्यवस्थापकांकडे. कटिंग मशीनची किल्ली एक, दादांच्या बहिणीकडे, सर्वांसमक्ष. शेरा: जाळी बसेपर्यंत फिरवू नये.

ये गं, सही कर.