गुडघेदुखीचा तज्ज्ञ

मोबाइलवर ते प्रश्नोत्तरांचं ॲप आहे ना, त्यात उत्तरं दिली की पॉइंट मिळतात आणि पॉइंट साठले की ‘तज्ज्ञ’चा शिक्का. मानकोलीच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत मी टोपणनावानं वाट्टेल ती उत्तरं ठोकायचो. कुणीतरी गुडघेदुखीचं विचारलं. मी लिहिलं, ‘गोळ्या सोडा, गणेशपुरीच्या गरम कुंडात बसा.’ झालो तज्ज्ञ.

महिन्याभरानं टेमघरला मावशीकडे गेलो, तर तिचा गुडघा टम्म सुजलेला.

"गोळ्या घेत नाहीस?"

"सोडल्या. तज्ज्ञानं लिहिलंय." तिनं मोबाइल दाखवला. उत्तर माझंच होतं. घाबरलोच.

"मावशी, तो तज्ज्ञ मीच."

"तू? अरे, तुला अजून तापाची गोळी आई काढून देते!"

आणि मावशी लंगडत गोळ्या शोधायला उठली.