टेबलावरचं सोनेरी मडकं

आदरणीय अध्यक्ष वाल्मिकराव, प्रमुख पाहुण्या पुष्पावतीताई, आज निवृत्त होणारे आमचे इतिहासाचे बेंजामिन सर, शिक्षक, पालक आणि माझ्या मुलांनो,

सरांविषयी गोड बोला, असं मला सांगितलंय. तसंच बोलायचं होतं. मी इथे मुख्याध्यापिका असताना सर नवे होते, आणि सडपातळ होते. आता कुणाला पटायचं नाही! वर्गात शिरले की रोज एक शोध सांगायचे. बुरशीतून औषध कसं मिळालं, भारत शोधायला निघालेला माणूस भलत्याच किनाऱ्याला कसा लागला. मग विचारायचे, "आपल्याकडे काय सापडलं?"

एका वर्षी आपल्याकडेही सापडलं. शेवगावच्या अलीकडे, बायडाबाईंच्या शेतात, गोठ्याचा पाया खणताना. तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन मडकी. एक फुटलं. दुसऱ्यात इवलीशी हाडं. सर म्हणाले, तीनेक हजार वर्षांपूर्वी इथली माणसं गेलेलं लेकरू असं मडक्यात ठेवून घरातच पुरायची. बायडाबाईंनी चटकन वर पदर धरला. "उन्हात नका ठिवू त्याला." हाडं त्यांनी तिथंच लिंबाखाली पुरली आणि मडकं सरांना दिलं. "न्या मास्तर. पर यात काय बी भरायचं न्हाई."

सरांनी ते वर्गातल्या कपाटात रिकामंच ठेवलं. कुणी खडू टाकला तर न रागावता काढायचे.

आता या टेबलावर बघा. सोनेरी फुलदाणी, प्लॅस्टिकचे गुलाब, वर 'सप्रेम भेट'चं स्टिकर. काठाच्या टवक्यावरून मी ओळखलं, हे तेच मडकं. आपले सचिव गोरक्षराव म्हणाले, "बाई, लई कळकट हुतं. दोन हात मारले ऑइल पेंटचे. फोटोत कसं उठून दिसतंय! पाहुण्यांना द्यायचंय." मी म्हटलं, अहो, यात मूल होतं. "आता न्हाई ना?" म्हणाले, आणि हसले.

मला किळस आली. चारचौघांत असं बोलू नये, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी शिकवलं होतं. पण दुसरा शब्द सापडत नाही. इथवर रंगाचा वास येतोय. मघाचा पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवलाय. इतक्या वर्षांच्या शिकवण्याचं हेच फळ का हो?

पुष्पावतीताई, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. शाल घ्या, नारळ घ्या. हे मात्र तुमच्या शोकेसमध्ये जाणार नाही.

सर, मघापासून तुम्ही खाली बघताय. वर बघा. मी गुलाब काढतेय. टाळ्या नकोत, मुलांनो. सर, रंग घरी खरवडू नका. नगरला संग्रहालयात विचारू. तोवर तुमच्याकडे राहू दे.

आनंदाच्या कार्यक्रमात मी हे बोलले आणि तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा.

न्या, सर. थांबा, आधी माझी ओढणी घ्या, वर झाका. बाहेर अजून ऊन आहे.