शेजारणीची साक्ष

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात, वकिलाच्या ऑफिसातल्या वेटिंग रूममध्ये माझ्यासमोर दोघी बसल्या होत्या.

"रेणू, मार तू खाल्लास आणि डिपोर्टही तुलाच करणार?"

"नवऱ्याने माझं ग्रीनकार्डचं अ‍ॅप्लिकेशन कॅन्सल केलं ना, मीनाक्षीकाकू. आता फेडरल कोर्टाने थांबवलं तरच. मारहाणीचा पुरावा हवा. आपली भिंत एकच, म्हणून तुम्हाला आणलं. काका काही बोलले?"

"त्यांना सांगितलंय, भाजीला चाललेय. हे बघ, लिहिलंय मी. तुझं ओरडणं ऐकलं."

"मग पोलिसांना फोन का नाही केला, असं विचारतील."

"विचारू देत. फोन केला नाही, हेही लिहिते."

"ते नका लिहू, काकू. तुम्हालाच त्रास होईल."

"पेन दे इकडे. ऐकू येऊ नये म्हणून दर वेळी मी टीव्ही मोठा करायचे, तेही लिहिते."