धवलारीण आणि धुराचं मशीन

चहा होईपर्यंत ऐका, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. शिरगावातली आगरी हळद, प्लॅनिंग सगळं माझं. विधीची गाणी म्हणायला धवलारीण म्हणून नवरीकडच्यांनी बोलावलं कोणाला, तर माझ्याच सासूबाईंना. नवरीच्या एंट्रीसाठी डीजे तयार, धुराचं मशीन चालू, आणि ह्यांचं देवांना बोलावायचं गाणं काही संपेना. मी कानात म्हटलं, "आई, आवरा आता."

त्या माईकवरच बोलल्या, "देव आले नाय अजून. तुजा धूर बंद कर."

अख्खा मांडव हसला.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या मावशीचा फोन, तिच्या मुलीच्या हळदीसाठी तारीख हवी होती. मी लगेच डायरी उघडली.

"तुमची नको हो, सासूबाईंची तारीख सांगा. तुम्ही फक्त त्यांना गाडीने आणून सोडा."